पक्की पिन

रविवारी सकाळी आठ वाजता करंजाड्याचे बिल्डर भावेशशेठ यांची नवी शिडाची होडी भरतीच्या ओढीने खाडीवरच्या पुलाला जाऊन टेकली. पुलाखालून जायचं तर डोलकाठी आडवी करावी लागते, आणि त्यासाठी तिच्या बुडाशी असलेली पिन काढावी लागते. ती निघेना.

"दुकानात हाताने निघणारी कडीची पिन होती ना?" होडीत बसलेल्या पत्नीने, अंकिताने विचारलं.

"हाताने निघते ती कसली पिन!" म्हणत शेठनी पिन विकणाऱ्या विठूला फोन लावला.

"शेठ, तुमीच बोल्लात, जन्मात निघायला नको," विठू म्हणाला. "म्हणून तर टोकांना वेल्डिंग मारून दिलं."

"अरे, पाणी चढतंय इथे, काठी पुलाला अडकून होडी खाली ओढली जातेय!"

"मग काठीच कापा."

"वेडा आहेस का? नवीकोरी आहे ती!"

* * *

दुपारपर्यंत मिळालेली माहिती अशी: कोळ्यांनी दोघांना सुखरूप किनाऱ्याला आणलं. डोलकाठी तळाची फळी घेऊन उखडली आणि होडी बुडाली. पिन अजून निघालेली नाही.