घरी सगळं पाठ

चाकांतली हवा मोजणाऱ्या बिनतारी सेन्सरांचे सेल संपले, तेव्हा मास्तर ऐटीत म्हणाले, "एवढ्याशा कामाला मेकॅनिक कशाला? नवे सेन्सर मीच बसवतो."

"बसवा. पण फसलं, तर उद्या ताईकडे जाताना गाडी मी चालवणार," बायकोने बजावलं.

मास्तरांनी पार्किंगमध्ये उकिडवं बसून चारही चाकांवरचे जुने सेन्सर काढले. वर येऊन चहा घेतला. मग पुन्हा खाली जाऊन नवे सेन्सर बसवले. दिसायला ती हवा भरायच्या तोंडावरची निळी टोपणंच, हाताने पिळून घट्ट केली की झालं! गाडीतल्या छोट्या पडद्यावर चारही चाकांपुढे तेहतीस-तेहतीस उमटलं आणि मास्तरांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

सकाळी गाडी फाटकाबाहेर पडून जरा पुढे गेली आणि पडदा कोकलायला लागला. चारही सेन्सर बेपत्ता! घाबरून मास्तर मागे फिरले, तर गाडी आपल्या जागेवर उभी राहताच पुन्हा तेहतीस-तेहतीस. तीनदा बाहेर, तीनदा आत, तरी तोच तमाशा.

"अहो, ही तर तुमच्या वर्गातलीच दिसते," हसून हसून बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "घरी सगळं पाठ, परीक्षेत पाटी कोरी!"



तेवढ्यात शेजारच्या, हुबेहूब तशाच पांढऱ्या गाडीच्या मालकाने चाकापाशी वाकून हाक मारली, "मास्तर, माझ्या चारही चाकांना ही निळी टोपणं कुणी घातली हो?" आणि मास्तर उतरून, बायकोला स्टिअरिंगपुढची जागा देऊन, पलीकडच्या सीटवर जाऊन बसले.