शेवटची दोन लिंबं

दिनानाथशेठनी ट्रकच्या चासीवर बांधून घेतलेल्या फिरत्या घराचा टायर महिन्यात तिसऱ्यांदा फुटला, आणि तुर्भ्याच्या आवारात, सगळ्यांदेखत, खापर आलं शिरवण्याच्या हिराजी ड्रायव्हरवर. "गाडी चालवतोस की उडवतोस? एवढी देवदर्शनाची फेरी झाली की तुझी सुट्टी."

हिराजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दसरा होता, गाडीची पूजा व्हायची होती. तो वाकला, प्रत्येक चाकाखाली एकेक लिंबू ठेवलं आणि गाडी हातभर पुढं घेतली. पुढची दोन चिरडली, मधली दोन चिरडली. शेवटची दोन तशीच, अख्खी.

"ही का रे फुटली नाहीत?" पोरांना घेऊन चढायला आलेल्या शेठाणी स्मिताबाईंनी विचारलं.

"ती चाकं वर उचललेली हायत, वैनी. गाडी रिकामी असली का उचलायची, भरली का खाली सोडायची, म्हंजे मधल्या चाकांचा भार वाटून घेतात. पन टायर झिजतील म्हनून शेठ सोडू देत नाय. सगलं घर मधल्या चाकांवर. ती फुटतील नाय तं काय?"

स्मिताबाईंनी पोरांना मागं ओढलं. "आधी चाकं खाली. आणि यापुढंही गाडी हिराजीच चालवेल."

प्रत्येक फेरीआधी शेठ पूजेला मोजून चारच लिंबं देत. वरची दोन आज हिराजीनं मुद्दाम आपल्या परसातल्या झाडाची आणली होती.