रक्त की वळण?

शिंप्याच्या कुत्र्याने गिऱ्हाइकाची नवीकोरी पँट ट्रायललाच टरकावली, तीही गिऱ्हाईक आत असताना. शिंपी तडक कुत्र्याला घेऊन दोघा भावांच्या दारात जाऊन उभा राहिला. थोरल्याने त्याला हे पिल्लू विकलं होतं आणि धाकट्याने ते शिकवून दिलं होतं.

"हा असा लोकांच्या अंगावर का जातो, तेवढं सांगा," शिंपी म्हणाला.

"माझ्याकडचं रक्त एक नंबर आहे. ह्यानेच शिकवताना वाट लावली!" थोरला म्हणाला.

"चावऱ्या आईबापांचं पिल्लू, त्याला मी काय डोंबल शिकवणार?" धाकटा उसळला.

शब्दाने शब्द वाढला. दोघांनी एकमेकांची गचांडी धरली आणि थोरल्याने धाकट्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला. कुत्रा बिचारा शेपूट घालून शिंप्याच्या पायांत दडला.

आरडाओरडा ऐकून भावांचे आईवडील धावत बाहेर आले. वडिलांनी आधी तो चावा पाहिला, मग आईकडे पाहिलं.

"माझ्या माहेरचं रक्त एक नंबर आहे," आई त्यांच्यावर खेकसली, "पोरांना वळण तुम्ही लावलंत!"