रबरी मॅट

अनिश कॉलेजच्या मॅचमध्ये धावता धावता कोसळला, म्हणून विनीत आणि मेघना लेकाला परळला हार्टच्या डॉक्टरांकडे घेऊन आले. नको नको म्हणताना विनीतची आई, कालिंदीबाईही आल्या.

"घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?" अनिशला ईसीजीसाठी आत पाठवून डॉक्टरांनी विचारलं.

"तसं नाही हो," कालिंदीबाई विनीतकडे बोट दाखवत म्हणाल्या. "ह्याचे वडील बाथरूममध्ये पाय घसरून गेले, पंचेचाळिसाव्या वर्षी. काका चाळीच्या जिन्यावरून पडला. हार्टबिर्ट आमच्यात कुणालाच नाही."

विनीतने मान डोलावली. ह्या दोन मरणांच्या धास्तीने त्याने बाथरूमभर रबरी मॅट घातली होती, आणि जिना उतरताना कठडा आजवर कधी सोडला नव्हता.

"मेघना, जरा पाणी आण गं."

सून बाहेर गेली तशा कालिंदीबाई पुढे सरकल्या. "दोघंही हार्टनंच गेले, डॉक्टर. माझे सासरेसुद्धा. खरं सांगितलं असतं तर ह्याला मुलगी कुणी दिली असती? नातवासाठी सांगतेय, सुनेला तेवढं कळू देऊ नका."

"आई, मला तरी सांगायचंस!"

"तू पत्रिका बघायला आलेल्यांसमोर बोलून बसला असतास."

डॉक्टरांनी फाइलमधून मान वर केली. "तुमचं वय काय, विनीत?"

"चव्वेचाळीस."

"मुलाबरोबर तुमचाही ईसीजी काढू. आत चला."

विनीत उठला. पाऊल टाकण्याआधी त्याने सवयीने खाली बघितलं, फरशी ओली तर नाही ना.