आडोसा

ट्रे नर्सच्या कपाळावर बसला. स्टीलचा होता आणि कडेने लागला. भुवईच्या वर कातडी फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. तिने एका हाताने डोळा दाबला आणि दुसऱ्याने पेशंटचं मनगट धरलं. पेशंटचा चालणारा हात तेवढा एकच होता. दुसरा प्लास्टरमध्ये होता, बरगड्या मोडल्या होत्या, जबडा आतून तारेने बांधलेला होता. तरी तिने ट्रे भिरकावला तो अंगात होती नव्हती ती सगळी ताकद लावून. नर्सच्या पाठीमागे पेशंटची आई उभी होती. ती खाली वाकली होती.

"लाजते हो ती," आई म्हणाली. "तुम्ही एकदम पांघरूण काढलंत. आमच्यात बाईचं अंग परक्या हाताने पुसत नाहीत."

नर्सला स्वतःचाच राग आला. नुकत्याच झालेल्या प्रशिक्षणात हेच तर सांगितलं होतं. पेशंट कुठल्या घरातून आलाय, त्याला कशाचा संकोच वाटतो, ते आधी विचारा आणि मग हात लावा. पण विचारणार कसं? पेशंटची भाषा वॉर्डात कुणालाच येत नव्हती. माणसं परमुलखातली. आई बरीच वर्षं इथे लॉन्ड्रीत कामाला होती, तिला इथलं सगळं बोलता येत होतं. लेक आणि जावई नुकते आलेले. त्यांना एक शब्द कळत नव्हता.

जावई दाराबाहेर होता. लेकीला सळईने फोडून काढलं ते त्याने, असं आईने भरती करतानाच सांगितलं होतं. तो आत घुसायला बघत होता आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा ओरडत होता. त्याने दाराच्या काचेवर मूठ मारली. काच फुटली, मूठही फुटली. काय म्हणतोय, असं नर्सने विचारलं. जिवंत सोडणार नाही म्हणतोय, असं आईने सांगितलं. मग वॉचमनने त्याच्या गुडघ्यावर काठी घातली आणि तो पडल्यावर पाठीत घातली. वॉर्डबॉयनी त्याला ओढत नेऊन व्हरांड्याच्या कठड्याला बांधलं. पोलीस येईपर्यंत तिथेच राहू दे म्हणाले.

"जावईबापूंचा पाहुणचार झाला," वॉचमन काठी पुसत सांगायला आला.

डॉक्टरांनी नर्सच्या भुवईला टाके घातले. शेजारची खाट तुम्हालाच देऊ का, असं इन्चार्ज सिस्टरनी तिला विचारलं. मग हसू आवरून म्हणाल्या की अंग पुसायचं काम आईलाच करू द्या. पेशंटला बरं वाटत असेल तर नियम थोडा वाकवू.

नर्सने आईला मन लावून शिकवलं. मोडक्या बरगडीच्या अंगावर वळवायचं नाही. तोंड बंद आहे, ती नाकानेच श्वास घेते, तेव्हा पुसताना फडकं नाकावर राहता कामा नये. आईला एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नव्हतं. तिचे हातही कामाचे होते. भिजलेलं फडकं एका पिळात कोरडं.

आई पडद्याआड गेली की पेशंट निपचित पडायची. कण्हणंसुद्धा थांबायचं. याला म्हणतात आपलं माणूस, असं नर्स इन्चार्ज सिस्टरना म्हणाली. एकदा मात्र आई बाहेर आल्यावर पाहिलं तर सलाईनची सुई निघाली होती, चादरीवर रक्त होतं, नाडी धावत होती. बाहेरून नवऱ्याचा आवाज आला की ही अशी करते, आई म्हणाली. स्वतःला इजा करून घेईल, हात बांधून ठेवलेला बरा.

नर्सने मऊ पट्टीने पेशंटचा मोकळा हात खाटेच्या दांडीला बांधला. काचू नये म्हणून पट्टीखाली दोन बोटं जातात का ते पाहिलं. जात होती. पेशंट तिच्याकडे टक लावून बघत होती. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. नर्सने तेही पुसलं.

दुपारी पोलिसांचा निरोप आला. जबाब घ्यायला येतोय. पेशंटची भाषा बोलणारी एक बाई मिळालीय, ती प्रश्न विचारेल. पेशंटने नुसती मान हलवली तरी चालेल.

अनोळखी माणसं बघून पेशंट बिचकायला नको म्हणून नर्सने हे आईला लगेच सांगितलं. तुम्ही आधी तिला समजावून ठेवा, म्हणाली.

आईने पाणी मागितलं. लोकांपुढे लेक अशी नको, आधी स्वच्छ करते.

नर्सने कोमट पाणी आणून दिलं, मनगटावर थेंब टाकून बघून. पडदा ओढला. दोन पडद्यांच्या मध्ये फट राहत होती, तिथे चिमटे लावले. आणि कुणी आत शिरू नये म्हणून बाहेर स्टूल टाकून स्वतः बसली.

दुभाषी बाई पोलिसांच्या पुढे पळत आली. येताना तिने व्हरांड्यात बांधलेल्या जावयाचं ओरडणं ऐकलं होतं. तिने धापा टाकत विचारलं, पेशंटची आई कुठे आहे? नर्सने उठून तिला हळू बोलायची खूण केली आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

"तो सांगतोय, हिला हिच्या आईने मारलं," बाई म्हणाली. "त्याच्याशी लग्न केलं म्हणून. आईला तिच्याजवळ ठेवू नका, म्हणून ओरडतोय तो."

नर्सने चिमट्याला हात घालण्याआधीच पडदा आतून ओढला गेला. चिमटे फरशीवर पडले. आई बाहेर आली. तिने फडकं पिळलं, झटकलं, नीट चौघडी करून नर्सच्या हातात दिलं.

"झोपली," ती म्हणाली. "आता विचारा काय विचारायचंय ते."