रखमाजीच्या गोदामातला उंदीर

काटा थांबायला तयार नव्हता. लाल आकडे वर जात, खाली येत, आणि गोदामात जमलेली मंडळी त्यांच्याबरोबर माना हलवत. शेवटी आकडा बसला. शीतल मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"रखमाजी काका, पन्नास पोती हरभरा आत आला होता. दीड पोतं कमी भरतंय."

"उन्हाळा हाय मॅडम. माल वाळतो."

उन्हाळा होताच. कुंभार पिंपळगावात त्या दुपारी सावलीसुद्धा सावली हुडकत फिरत होती. पण जालन्याहून तपासणीला आलेल्या मॅडमना ऊनही कळत होतं आणि हिशोबही.

"वाळून अर्धं पोतं जातं. तेवढं मी सुकवणीत धरलं. वरचं एक पोतं कुठंय?"

रखमाजीने करदोड्याला बांधलेली गोदामाची चावी चाचपली. ती तिथं इतक्या वर्षांची होती, की अंघोळीला सोडून ठेवली तरी तिच्या आकाराचा खड्डा कमरेवर राहायचा, असं गाव सांगतं.

"उंदीर लिहू का?" मॅडमनी विचारलं. "उंदरांनी खाल्लेलं वजा करता येतं. नाहीतर आजच चावी घ्यावी लागेल मला. माझा इलाज नाही."

दारात बाजाराला आलेली माणसं दाटली होती. ती एकमेकांना ढोसू लागली. रखमाजीची मिशी सगळ्या शिवारात नावाजलेली. एक टोक गोदामात, तर दुसरं वेशीत. आणि ह्याच रखमाजीने पोळ्याच्या दिवशी पारावर भर गर्दीत सांगितलं होतं, की माझ्या गोदामात एक उंदीर दाखवा, मिशी उतरवतो.

"उंदीर न्हाई," रखमाजी म्हणाला.

पंख्याने दोन खडखडाटी फेरे घेतले. भुजंग हमालाला राहवलं नाही.

"मामा, कोपऱ्यातलं मोजू द्या की."

तिकडे न बघायचं सगळ्यांनी आतापर्यंत कसंबसं पाळलं होतं. आता सगळ्यांनीच बघितलं. कोपऱ्यात हरभऱ्याचा ढीग होता, वर हळदकुंकू. गोदाम पुरतं झाडून रिकामं करायचं नाही म्हणून मागच्यांनी ठेवलेली बरकत. तिच्यात टाकायचं, काढायचं नाही.

"ती बरकत हाय," रखमाजी म्हणाला. "काट्यावर चढत न्हाई."

"हरभराच आहे ना?"

हमाल दोन पावलं मागे सरले. मॅडमनी चपला काढल्या, घमेलं उचललं आणि स्वतःच भरायला लागल्या. रखमाजी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आकडे पुन्हा नाचले. दीड पोत्याची तूट भरून निघाली, तरी ते चढतच राहिले. थांबले तेव्हा मॅडमनी कपाळाला हात लावला.

"आला होता त्याच्यापेक्षा जास्त भरतोय."

"बेस झालं," भुजंग म्हणाला.

"बेस कसलं? ह्या उन्हात माल वाढतो का? वजन वाढलं म्हणजे पोत्यांवर पाणी मारलं, असंच वरचे म्हणतील. मग चावीवर भागणार नाही. इतका आला कुठून हा?"

भुजंगने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. "पोतं आत आणलं की मी तेच्यातली मूठभर टाकत असतो तिथं."

"काट्याखाली सांडलेलं मी तिथंच नेऊन राह्यले," झाडलोट करणारी गोजरबाई म्हणाली. "पायाखाली कसं येऊ द्यावं?"

"आम्ही बी माल घालाया आल्तो तवा टाकलं," दारातून कोणी म्हणालं. मागून आणखी दोघं तेच म्हणाले.

"आन मी रोज टाकतो," रखमाजी भिंतीला म्हणाला. "मला वाटलं, मी एकटाच."

"मंग निम्मंच मोजा," भुजंगने तोड काढली.

"बरकत तोडत न्हाईत," रखमाजी, गोजरबाई आणि दार एकदम म्हणालं.

बाहेर मॅडमना नेणारी घनसावंगीची जीप हॉर्न देत होती. मॅडमनी घाम पुसला. "काका, मोजलं तर पाणी. न मोजलं तर चोरी. लिहू काय मी?"

रखमाजी वळला. मॅडमच्या हातातलं घमेलं त्याने घेतलं आणि काट्यावरचा ढीग परत कोपऱ्यात नेऊन ओतला. घाई नाही, एक दाणा इकडेतिकडे नाही. शेवटचं घमेलं पालथं करून त्याने बुडावर थाप मारली.

"लिहा," तो म्हणाला. "उंदीर."

"कोणी पाहिलाय?"

मग गोजरबाईने पदर खोचला. "म्या पाह्यला. हितून हितपर्यंत." तिने बोटापासून कोपरापर्यंत हात दाखवला.

"मावशी, ते पिल्लू असंल," भुजंग म्हणाला. "थोरल्यानं परवा मांजर धरून नेलं."

"ते मांजर आमचंच," दारातून आवाज आला.

मॅडमनी मान वर केली नाही. ओठ गच्च मिटून लिहीत राहिल्या, सही केली, चपला घातल्या. चावीचं नाव काढलं नाही.

जीप गेली. दारातली माणसं मात्र हलली नाहीत. सगळी रखमाजीच्या तोंडाकडे बघत होती. त्याने मिशीची दोन्ही टोकं दोन्ही हातांत धरली आणि सारखा पीळ भरला.

"भुजंग," तो म्हणाला, "बाजारात न्हावी बसलाय का बघ. म्हनावं, उंदीर निघाला."