बंद न होणारा पंखा

"फ्यूज काढला," बोंगाने डॅशबोर्डखालून सांगितलं. "फिरव चावी."

झ्वेलाखेने चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि त्याच्याबरोबर हीटरचा पंखाही. घों करत बाहेरचा गार वारा जाळीतून थेट तोंडावर आला.

बोंगा पाठीवर सरकत बाहेर आला. बटण त्याने आधीच बदललं होतं, रिलेही बदलला होता. "कुठून तरी सरळ करंट घेतोय हा. सगळा डॅशबोर्ड खोलावा लागेल. चार दिवस गाडी सोड माझ्याकडे."

"चार दिवस गाडी सोडली तर बायको मला सोडेल."

"मग ऐक त्याचं गाणं. आणि खालचा सायलेन्सरचा पाइप गंजून पार सडलाय, तोही बघून घे."

"आधी पंखा," झ्वेलाखे म्हणाला.

ही मिनीबस त्याने उन्हाळा संपताना हॅरिस्मिथच्या एका मालकाकडून घेतली होती. थंडी पडली आणि पंखा मागे लागला. बर्गव्हिल ते हॅरिस्मिथ सगळा घाट. उतारू घोंगड्या पांघरून त्याच्या नावाने खडे फोडत. ते त्याने सोसलं असतं. पण सकाळचा पहिला नंबर हवा तर हॅरिस्मिथच्या स्टँडवर रात्र काढावी लागे. बाकीचे ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून गाडीच्या उबेत घोरत. याच्या गाडीत इंजिन लावलं की बर्फाचा वारा. मग स्टँडच्या पत्र्याखाली एका फळीवर तो कुडकुडत पडे.

गेल्या आठवड्यात घाटातल्या वळणावर त्याचा डोळा लागला. एक बाई किंचाळली म्हणून गाडी रस्त्यावर राहिली. तेव्हापासून त्याला स्वतःचीच भीती वाटत होती. एक रात्र नीट झोप मिळाली नाही तर कधीतरी आपण भरली गाडी दरीत घालणार, हे त्याला कळून चुकलं होतं.

त्या दुपारी बर्गव्हिलच्या रांगेत एक म्हातारा उभा होता. पुढच्या दोन गाड्या त्याने सोडल्या आणि झ्वेलाखेच्या गाडीत चढला.

"हॅरिस्मिथला कुणाकडे, बाबा?"

"मुलाला आणायला."

कोटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काटेरी फांदीचं टोक दिसत होतं. झ्वेलाखेने टोपी काढली. माणसाने जिथे प्राण सोडला तिथे ती फांदी टेकवायची, त्याच्या आत्म्याला घरी चल म्हणायचं, आणि घर येईपर्यंत फक्त त्याच्याशीच बोलायचं. वाटेत जिवंत माणसाशी एक शब्द बोललं तर गेलेला तिथेच हरवतो.

"दोन जागा लागतील ना, बाबा?"

"येताना दोन. आत्ता मी एकटाच आहे."

"आजारी होता?"

"धडधाकट होता. गेल्या वर्षी थंडीत झोपला, उठलाच नाही. डॉक्टर म्हणाला, धुराने गेला."

झ्वेलाखे हळहळला. खोली बंद करून आत कोळशाची शेगडी पेटवायची. दर हिवाळ्यात कोणी ना कोणी असंच जात होतं.

"मला शेवटचा बाक दे, पोरा," म्हातारा म्हणाला.

"तिथे फार आदळतं."

"आदळू दे."

घाट लागला तशी पंख्याची घरघर वाढली. "ड्रायव्हर," एक बाई म्हणाली, "आम्ही काय मासे आहोत बर्फात घालायला?" सगळे हसले. माथ्यावर चहाला गाडी थांबली. झ्वेलाखेने आणलेले मग्विन्या, गरम तळलेले मैद्याचे गोळे, म्हाताऱ्याने घेतले नाहीत.

"हा पंखा कधीपासून असा?" त्याने विचारलं.

"थंडी पडल्यापासून. बंदच होत नाही मेला."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि पुन्हा मागे जाऊन बसला.

हॅरिस्मिथ आलं तेव्हा ऊन उतरलं होतं. सगळे उतरले. म्हातारा बसूनच होता.

"बाबा, आलं गाव."

म्हाताऱ्याने कागद सोडला आणि फांदी बाकावर टेकवली.

"फिलानी," तो म्हणाला, "मी तुझा बाप. रात्री गाडी लावून याच बाकावर झोपलास, बाळा. चल आता, आई वाट बघतेय."

पंखा थांबला.

इंजिन चालूच होतं. झ्वेलाखेच्या अंगावर काटा आला. त्याने बटण फिरवलं, पंखा लागला. उलट फिरवलं; बंद झाला. आपल्या जागेवर फिलानी दुसऱ्या कोणाला झोपू देत नव्हता तर. आता गेला बिचारा घरी. भीती ओसरली तशी त्याला मोकळं वाटलं.

एक शब्द न बोलता त्याने म्हाताऱ्याला हात दिला आणि बर्गव्हिलला परतणाऱ्या शेजारच्या गाडीत नेऊन बसवलं. म्हाताऱ्याने दोन जागांचे पैसे काढले, फांदी खिडकीशी बसवली.

झ्वेलाखे परत आला. इंजिन चालू ठेवून त्याने एकेक काच लावली आणि घोंगडी घेऊन शेवटच्या बाकावर आडवा झाला. किती दिवसांनी ही ऊब, ही शांतता.

शेजारच्या गाडीच्या खिडकीतून म्हातारा बघत होता. त्या बंद काचांकडे, मग गाडीच्या पोटाखालून निघणाऱ्या धुराकडे. त्याचे ओठ हलू लागले. फांदी त्याने छातीशी घट्ट धरली, पण नजर झ्वेलाखेवरून हलवली नाही.

"फिलानी," तो मोठ्याने म्हणाला, "तू उगाच पंखा चालवत नव्हतास. धूर घालवत होतास, बाळा. आता कोण घालवणार? काचा उघड, बाळा. इंजिन बंद कर. तिथे झोपू नकोस रे."

त्याची गाडी सुरू झाली. तो आणखी मोठ्याने, रडत रडत तेच म्हणत राहिला.

झ्वेलाखेचे डोळे भरून आले. गेलेल्याशी चाललेलं बोलणं तिसऱ्याने ऐकू नये, एवढं वळण त्याला आईने लावलं होतं. त्याने नजर खाली घेतली आणि चार बोटं उघडी राहिलेली शेवटची काच आदराने ओढून घेतली.